लाभ, दोन, तीन

प्रिय गोदा,

तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. पिंपरीहून चाकण कितीसं लांब, आणि माहेरी गेलीस तरी तुझा पाय तिथं फार ठरायचा नाही. आज लिहितोय ते मंजूपायी. तिला या जूनमध्ये चिंचवडच्या शाळेत घातली. काल गुरुजींनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, कुणाची पाटी फोडली असेल. तर म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. पण मोजायला सांगितलं की 'लाभ, दोन, तीन' म्हणते. पोरं हसतात. घरी तेवढं सोडवा."

आता ते सोडवायचं कसं, तूच सांग. सवय लावलीस तू आणि निस्तरायला मी!

तुझे बापू चाकणच्या बाजारातले मापारी. धान्य मापताना पहिल्या पायलीला ते 'एक' म्हणत नाहीत, शकुन म्हणून 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. बाजारात ते ठीक. पण तू भाकरीही तशाच मोजायचीस, घागरीही तशाच, दोरीवरचे कपडेसुद्धा. मी चिडवायचो, "मापाऱ्याची लेक, माझे सदरे काय बाजारात न्यायचेत?" तू मान वर न करता म्हणायचीस, "पयल्यालाच हात आखडून 'एक' कशापायी म्हनायचं?" मंजू तुझा पदर धरून ऐकत असायची.

तुझा दुसरा हट्ट म्हणजे घरात काही 'संपलं' म्हणायचं नाही. मीठ वाढलं, पीठ वाढलं. डबा खडखडत असायचा आणि तू म्हणायचीस, "अवो, तांदूळ वाढल्यात." की मी पिशवी घेऊन वाण्याकडे. शिफ्टवरून दमून आल्यावर चीड यायची मला. आता मी खुशाल 'संपलं' म्हणतो. कुणी अडवत नाही, आणि तेच फार लागतं गं.

गुरुजी बोलके आहेत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि शून्याची गोष्ट सांगितली. म्हणाले, आपले जुने लोक धूळपाटीवर बोटानं आकडे मांडायचे. ज्या जागी काही नाही, तिथं ठिपका द्यायचे. तेच शून्य पुढे अरबांबरोबर जगभर गेलं. हे ऐकताना मला तू आठवलीस. ज्या देशानं 'काही नाही' याला आकडा दिला, तिथल्याच बाया 'संपलं' हा शब्द स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. तुला हे सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? कालपासून तेच मनात घोळतंय.

मग त्यांनी पाटीवर ३०५ लिहिलं, मधलं शून्य पुसलं आणि पाच अलीकडे सरकवून लिहिला. "पस्तीस झाले. शून्य स्वतः काही नसतं, पण जागा धरून ठेवतं," म्हणाले. मी मान डोलावली आणि सायकल काढली.

संध्याकाळी मंजूनं पानं घेतली. रोज घेते, पण मी कधी नीट पाहिलं नव्हतं. चुलीपाशी तू बसायचीस त्या जागी तिनं नुसता हात टेकवला. तिथं ताट नाही, काही नाही. म्हणाली, "लाभ." मग माझं ताट ठेवून "दोन", स्वतःचं ठेवून "तीन".

गोदा, ही पोरगी तुला मोजत होती. आणि मी काय करत होतो? तू गेल्यापासून रोज माझं ताट जरासं तुझ्या जागेकडे ओढून घेत होतो. ती रिकामी जागा मला बघवत नव्हती.

तरी मी म्हटलं, "मंजू, शाळेत 'एक' म्हणायचं बरं का."

"मंग आईला काय म्हनू?"

मी घास तोंडात घातला आणि चावत राहिलो. आजारपणात तू तिला केस विंचरायला शिकवलंस, चूल फुंकायला शिकवलंस. या प्रश्नाचं उत्तर मला तरी सांगून जायचंस.

परवा बापू आले होते. बाजारात आता दशमान मापं येणार, पायली जाणार म्हणत होते. बराच वेळ तेच बोलले. तुझं नाव काढलं नाही, पण उठताना मंजूला जवळ घेऊन मोजायला लावलं. आणि तिच्या पहिल्या शब्दालाच डोळे पुसत बाहेर गेले.

आज मी ताट मंजूनं ठेवलं तिथंच राहू दिलं. ती एकदा माझ्याकडे, एकदा ताटाकडे बघत राहिली आणि मग जेवायला बसली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

शाळेत ती 'एक' म्हणेल. ते मी शिकवीन. तिला पुढं जायचंय. घरात मात्र तिला टोकणार नाही. गोदा, ती लहान आहे. तुझा चेहराही तिला पुढं नीट आठवणार नाही, आणि कधीतरी पानं घेताना तीही 'एक' म्हणून जाईल. तिला मी रागावणार नाही. त्या दिवसापासून पानं मी घेईन.

तुझाच,
शंकर