उस्ता काय म्हणतो?

९ सप्टेंबर

आजही फोन नाही. समरकंदमध्ये सप्टेंबरात हीटिंगवाल्याचा फोन वाजत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे. आमचे दोन्ही कारागीर अंगणात चहा पीत बसले होते. संध्याकाळी मीच त्यांना घरी जायला सांगितलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर महिनाभराने आज बाबांना दवाखान्यातून आणलं. उजवी बाजू लुळी आहे. समजतं सगळं, पण तोंडातून फक्त "आं" येतं.

१३ सप्टेंबर

कार्डं छापून घेतली. टेलिग्रामवर पान उघडलं. एका हॉटेलात ओळखी वाढवण्याच्या शिबिरालाही जाऊन आले. ताश्कंदहून आलेला पाहुणा सांगत होता, हसा, हात मिळवा, नाव लक्षात ठेवा. सगळेच हसले. सगळेच विकायला आलेले, विकत घेणारा एकही नाही. पडदेवाल्याचं, टाइल्सवाल्याचं, आणखी कुणाकुणाचं कार्ड घेऊन परतले.

२० सप्टेंबर

शाळेच्या हीटिंगचं काम हातचं गेलं. मुख्याध्यापिकेने माझा आराखडा नीट वाचला, दोन चांगले प्रश्न विचारले. मग म्हणाली, "काम तुझंच सरस आहे गं. पण हशिम-अकांनी बहरोम उस्ताचं नाव दिलंय."

हशिम-अका, म्हणजे हशिमदादा, बाबांच्या गश्तकाचे प्रमुख. बहरोमही त्यातलेच एक उस्ता, मुरलेले मिस्त्री. शहरातले दहाएक हीटिंगवाले आणि नळवाले एक गुरुवार आड एकेकाच्या घरी जमतात, ओश, म्हणजे मांसाचा पुलाव, शिजवतात, जेवतात. मला वाटायचं, बाबा तिथे जेवायला जातात. वर्षभराची कामं तिथेच वाटली जातात, हे आता कळतंय. इंजिनिअरिंगच्या संस्थेत पाच वर्षं उष्णता कशी वाहते ते शिकले. काम कसं वाहतं, हे कुणी शिकवलं नाही.

२१ सप्टेंबर

हशिम-अकांच्या दुकानात गेले. बोलणं असं झालं.

"गश्तकात बाई बसत नाही, पोरी. भावाला पाठव."

"तो रशियात, कझानला टॅक्सी चालवतो. त्याला व्हॉल्व्ह आणि तोटी यातला फरक कळत नाही."

"जेवता तर येतं ना? आमच्यातल्या निम्म्यांना तेवढंच येतं."

मी हसले नाही. त्यांनीच हसून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. नकार देताना इथे चहा पाजतात.

२ ऑक्टोबर

आज गश्तकाची बारी आमच्या घरी होती. मी म्हटलं, कळवून टाकू, घरात आजारपण आहे. आई म्हणाली, "फिरूजा, बारी चुकली की जागा गेली. रहमत उस्ता अजून जिवंत आहे."

मंडळी आली. बहरोम-अकांनी स्वतःच अंगणात कढई चढवली. मग न सांगताच चौघांनी बाबांना गादीसकट उचललं आणि बैठकीत दाराच्या समोर, मानाच्या जागी नेऊन ठेवलं. मला हे अपेक्षित नव्हतं. मी किटली घेऊन उंबऱ्यावर उभी.

बोलता बोलता शाळेचा विषय निघाला. तिसरा मजला तापतच नाही. बहरोम-अका म्हणाले, "मोठा पंप बसवतो. रहमत असता तर विचारलं असतं."

हशिम-अका म्हणाले, "असता म्हणजे? हा काय समोर बसलाय. विचार की. उस्ता, काय म्हणतोस?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. डावा हात थोडा हलला.

"बाबा म्हणतात, पंपाने काही होणार नाही," मी म्हणाले. "खालच्या दोन मजल्यांचे व्हॉल्व्ह आवळा. पाणी आपोआप वर जाईल."

मग बहरोम-अका म्हणाले, "बरोबर. हा रहमतच बोलतोय."

इथे खरं लिहायला हरकत नाही. हात प्याल्याकडे चालला होता. बाबांना चहा हवा होता.

४ ऑक्टोबर

फोन वाजला! बहरोम-अका: "उस्ताला सांग, तिसरा मजला तापला. आणि दोन घरांची कामं पाठवतोय, माझ्याच्याने उरकत नाहीत."

कारागिरांना बोलावून घेतलं.

१६ ऑक्टोबर

या वेळी हशिम-अकांकडे. त्यांनी बाबांना न्यायला गाडी पाठवली आणि निरोप दिला, "त्याची खूण ओळखणारं कुणीतरी बरोबर येऊ दे." कुणीतरी म्हणजे मी. बाबांच्या पाठीमागे बसले, अर्धी गादीवर, अर्धी जमिनीवर.

"उस्ता काय म्हणतो?" दर थोड्या वेळाने हेच. मी त्यांच्या तोंडाशी कान नेते, थांबते, सांगते. एका बंगल्याचं काम मिळालं.

"रहमतला हल्ली गणित फार जमायला लागलंय," हशिम-अका म्हणाले. "पूर्वी अंदाजाने बॉयलर निवडायचा."

"आजारपणात माणसाला विचार करायला वेळ मिळतो," कुणीतरी म्हणालं. हशा.

बाबा हसले नाहीत. परतताना गाडीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१७ ऑक्टोबर

बाबांच्या नावाशिवाय मी त्या खोलीत एक किटली आहे. काल एकदा "मला वाटतं" असं म्हणून गेले. कुणी रागावलं नाही. कुणाला ऐकूच आलं नाही.

५ नोव्हेंबर

वाचा शिकवणाऱ्या बाई खूश आहेत. बाबांनी आज "पाणी" म्हणण्याचा प्रयत्न केला, पहिलं अक्षर नीट आलं. आईने शेजारी नान वाटले. बाई म्हणाल्या, "बोलतील. लवकरच."

मला आनंद झाला.

६ नोव्हेंबर

कालच्या वाक्याखाली दुसरं एक वाक्य होतं. ते लिहिलं नाही. आजही लिहीत नाही.

११ नोव्हेंबर

प्रसूतिगृहाचा जुना बॉयलर गेला. कडाक्याच्या थंडीआधी सगळं नव्याने बसवायचं आहे. नाव हशिम-अका सुचवणार, परवा. ते मिळालं तर दोघा कारागिरांना अख्खा हिवाळा काम आहे. नाही मिळालं तर ते रशियाची वाट धरणार, दोघांनीही तसं सांगून ठेवलंय. मोठा म्हणाला, "तुझ्या आराखड्यात दोष नाही गं. पण आराखड्याने माझं घर चालत नाही."

मी तीनदा हिशेब केला. जोडीला राखीव बॉयलर धरला. एक बंद पडला तरी बाळांच्या खोल्या बावीस अंशांच्या खाली जाणार नाहीत.

१२ नोव्हेंबर

आराखडा बाबांपुढे धरला. ते पूर्वी म्हणायचे, "बाळंतिणीच्या खोलीत चूक चालत नाही, म्हणून मी ती कामं घेतच नाही." आज बराच वेळ पाहत राहिले. मग डोळे मिटले.

"हे हो आहे का, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पुन्हा विचारलं. मग दिवा मालवून बाहेर आले. थकले असतील, असं मी धरून चालले आहे. मोजता येत नाही तिथे मीही धरूनच चालते.

१३ नोव्हेंबर

बहरोम-अकांचं घर. ओश झाला, चहा आला. हशिम-अकांनी प्रसूतिगृहाचं काढलं आणि विचारलं, "उस्ता काय म्हणतो?"

मी वाकले, थांबले, तोंड उघडलं.

"नाही."

आवाज बाबांचा होता. जड, पण स्पष्ट. तीन महिन्यांतला पहिला पुरा शब्द.

बहरोम-अका उठून त्यांच्या गळ्यात पडले. कुणी रडलं, कुणी बाहेर जाऊन आईला फोन लावला. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी गुंडाळलेला आराखडा गादीखाली सरकवला.

सगळे पुन्हा बसले. मग हशिम-अकांनी एका प्याल्यात चहा ओतला आणि तो बाबांच्या डोक्यावरून मागे, माझ्यापुढे धरला.

"हे रहमतचं झालं," ते म्हणाले. "आणि तुझं काय म्हणणं, फिरूजा?"