हेलिकॉप्टरचा अभ्रा

१० फेब्रुवारी २०१६, उदगीर
बँकेची डायरी कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणार. वाचणारं कोणी नाही, म्हणून खरंच लिहिणार.
मंडपाचं काम बंद. दुष्काळात लोक देवळातच लग्नं उरकून राहिलेत. ताडपत्र्या गुंडाळून ठेवल्या. माझी थोरली जाऊ गौरम्मा, म्हणजे आमची अक्का, तिचा मुलगा विरूपाक्ष हैदराबादला असतो. आईला घेऊन जातो म्हणतो, तिकडं नळाला पाणी आहे. अक्का म्हणाली, हाताला काम असलं तर हितंच राहीन. न्हाईतर काय करू, भिंतीकडं बघत बसू?
जाईना का. मला काय. दोघींचे नवरे गेले तेव्हापासून एका चुलीवर आहोत, तिलाही कंटाळा आला असेल. फक्त हातशिलाई तिच्यासारखी कोणाला येत नाही, म्हणून काम बघायचं.

१६ फेब्रुवारी
मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं.
नायगावच्या नणंदेचा मुलगा भुजंग आला. तो हैदराबादला एका कंपनीत आहे, विमानाचं किरकोळ सामान करतात. म्हणाला, मामी, तीन देश मिळून लढाईचं हेलिकॉप्टर काढून राहिलेत. त्याच्या पात्यांना कव्हर पाहिजे. सॅम्पल देता का?
मोबाइलवर दाखवलं. नुसतं चित्रच. हेलिकॉप्टर अजून व्हायचंय, आधी कव्हर. मला हे आवडलं, तयारीची माणसं दिसतात. लोडाला अभ्रा घालतो तसाच घालायचा, फक्त लांब. म्हटलं, एवढंच? लोडांचे ढीग शिवलेत आम्ही.
एक देश इंजन करणार, एक पाती, एक काचा आणि बंदुका. कव्हर उदगीर. म्हणजे चौथे पार्टनर आपण.

२० फेब्रुवारी
पेंटरला बोलावलं. पाटीवर 'मंडप, ताडपत्री' होतं, त्यापुढं 'व हेलिकॉप्टर' घालून घेतलं. खाली 'जि. लातूर' होतं, ते पुसायला लावलं. उदगीर जिल्हा होणार हे पक्कं, फक्त तारीख राहिलीय. पेंटर म्हणाला, मावशी, तवर काय लिहू? म्हटलं, जागा सोड.
अक्काला म्हटलं, लागा कामाला. म्हणाली, अय्यो, लढाईचं? माणसं मारायचं? मी म्हणाले, आपण मारत नाही, आपण झाकतो. तिनं दाभण घेतलं.

३ मार्च
सॅम्पल गेलं. लांब शिवण माझी, पायमशीनवर. कोपरे अक्काचे. बघत राहावं असं झालंय.
ऑर्डर आली की तिला खुर्ची घ्यायची. जमिनीवर बसून गुडघे वाजतात तिचे, मला त्रास होतो ऐकायला.

२१ मार्च
सॅम्पल रिजेक्ट.
भुजंगाचा फोन. तपासणीवाल्यांनी कोपरा उसवला. आत ज्वारीचे दाणे, आणि दाण्यांत सोंडकिडे, जिवंत.
त्यात काय एवढं? गोधडी असो की ताडपत्री, शेवटचा टाका घालायच्या आधी अक्का कोपऱ्यात चार दाणे घालते. पांघरूण उपाशी शिवू नये. आमच्या सगळ्या घरांत घालतात. भुजंगाच्या बाळंत्यांतही होते, तेव्हा बोलला नाही. आता ओरडतो, मामी, एक दाणा इंजनात गेला तर मशीन खाली येतं!
तीन देशांचं लढाईचं यंत्र, आणि ज्वारीला भितं. रणगाड्यापुढं जाणार म्हणे.
चूक त्यांची. उपाशी पाहिजे तर आधी सांगायचं.

२५ मार्च
अक्का म्हणते, उपाशी शिवणार न्हाई. ब्याड, नको गं, मला पाप नको. मी म्हणाले, कापडाला कुठं पोट असतं? तर म्हणाली, मग हेलिकॉप्टरला कुठं थंडी वाजती, अभ्रा घालाया? उत्तर होतं माझ्याकडं. काम होतं म्हणून दिलं नाही.
भुजंग म्हणतो, तिकडंही हेच चालू आहे. एका देशाला पायलट पुढंमागं बसवायचेत, दुसऱ्याला शेजारी शेजारी. तिसरा म्हणतो, आधी सांगा कोण किती घेणार. म्हटलं, तीन जावांची एक चूल आहे ती, मध्ये सासू पाहिजे. त्यांना कळव. कळवतो म्हणाला नाही, पण कळवेल.

१० एप्रिल
तोड काढली. अक्कानं ज्वारी सोडायची, मी हट्ट सोडायचा. दाण्यांच्या जागी आतून भस्माची बोटं ओढायची, चांगली भरपूर. भस्म काय इंजनात अडकत नाही. दोघी खूश. तीन देशांना हे जमलं नसतं. सॅम्पल पाठवलं.
लातुराला रेल्वेनं पाणी येणार म्हणतात. आपल्याला टँकरच.

२६ एप्रिल
रिजेक्ट.
पाकीट उघडलं तर आतून पांढरी पूड उडाली. लष्कराचा माल. विष असेल म्हणून खोली बंद केली, तोंडाला मुखवटे लावलेली माणसं आणली, भुजंगाला दिवसभर बसवून ठेवलं. तो म्हणाला, साहेब, विभूती आहे, कपाळाला लावतात. साहेब म्हणाला, लावून दाखव. यानं लावली. तरी लॅबला पाठवलीच.
मला म्हणाला, मामी, आता एकच चान्स. थोरल्या मामीचा हात लागू देऊ नका.

२ मे
काल महाराष्ट्र दिनालाही उदगीर जिल्हा झाला नाही. पंधरा ऑगस्टला होणार, पक्कं.
अक्काला तोंडावर सांगितलं, मला आडपडदा जमत नाही. म्हटलं, ह्या कव्हराला तुम्ही हात लावू नका. एकदा ऑर्डर आली की काम तुमचंच आहे. म्हणाली, बरं. दाभण पदराला पुसलं आणि माझ्या मशीनवर ठेवलं. भांडली नाही, म्हणजे पटलं.

९ मे, बसव जयंती
अक्का मिरवणूक बघायला बाहेर आली नाही. म्हटलं, आराम करा, कधी मिळतो?
कोपरे वाकडे येऊन राहिलेत. तिला विचारणार होते. पण विचारलं की ती हात लावणार. नाही विचारलं.

१५ मे
विरूपाक्ष गाडी घेऊन आला. मी म्हणाले, थोडं थांबा, ऑर्डर येऊनच राहिली. अक्का म्हणाली, महादेवी, तुझं हेलिकॉप्टर माझ्यावाचून उडतंय गं. उडू दे. मी म्हणाले, उडेलच.
बोलले ते बरोबरच होतं.
गाडीत बसताना म्हणाली, एकटीपुरती का होईना, भाकरी टाकत जा, शिळं खात बसू नको. पिशवी एवढीशी होती तिची. बाकी सामान इथंच आहे, म्हणजे येणार.
दुकान उघडलं. काही वाटलं नाही. गिऱ्हाईकही आलं नाही.

३० मे
सॅम्पल पास! भुजंग म्हणाला, मामी, एकदम क्लीन, आत काही म्हणजे काही न्हाई. वाकड्या कोपऱ्यांचं कोणी विचारलंच नाही.
लगेच विरूपाक्षाला फोन. म्हटलं, आईला पाठव, काम आलं. म्हणाला, काकू, ऑर्डर हातात पडू द्या. मागून अक्काचा आवाज येत होता, कुणाला तरी फ्लॅटमध्ये टाका शिकवत होती. हसून राहिली होती. माझ्याशी बोलायला मागितलं नाही. गडबडीत असेल.

११ जून
तिन्ही देश वेगळे निघाले. बसायच्या जागेवरूनच. एक स्वतःचं काढणार, एक तयार विकत घेणार, एक विचार करून राहिलाय. भुजंग म्हणाला, मामी, आता पातंच न्हाई तर कव्हर कशाला? म्हटलं, माझं सॅम्पल? म्हणाला, वॉचमननं अंथरायला घेतलंय, झोप चांगली लागती म्हणतो.
विरूपाक्षाला कळवायचं आहे. उद्या.

१२ जून
कळवलं नाही. उद्या.
सकाळी टँकर आला, नेहमीसारखं दोघींपुरतं भरून घेतलं. संध्याकाळी बघते तर अर्धं तसंच. गावात घागरीवरून डोकी फुटून राहिलीत, आणि माझ्या घरात पाणी उरलं. ओतून द्यावं तर दुष्काळ. तसंच ठेवलं.