चौतीस इंच

३ फेब्रुवारी

फळी आजही भिंतीला टेकलेलीच. अकरा महिने झाले. ह्यांनी निफाडहून बाभळीचं लाकूड आणलं, रंधा मारून, घासून घासून जेवणाच्या टेबलाची फळी केली. पाय करायचे राहिले आणि हे गेले.

रूपालीचा पुण्याहून फोन — "आई, देऊन टाक ना कुणाला. एकटीला कशाला टेबल?" लेकीला काय सांगायचं! ह्यांचं काम अर्धवट ठेवायचं नाही. स्टीलचे पाय करून घेणार.

५ फेब्रुवारी

सातपूरला गेले. झिपरू म्हणून वेल्डिंगवाला आहे. पाइप चौकोनी का गोल, बोल्ट का स्क्रू — विचारून विचारून दमवलं. शेवटी, "टेबलाची उंची किती, मावशी?" मला कुठे माहीत! म्हणाला, "घरून माप घ्या, फोन करा."

६ फेब्रुवारी

माप घेतलं. चौतीस इंच. कळवलं. वाचनालयाचं पुस्तक उघडलं, एकच पान तीनदा वाचलं.

१३ फेब्रुवारी

झिपरू पाय घेऊन आला, फळीला बसवलेही. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसला आणि हसायलाच लागला. टेबल त्याच्या छातीला!

"मावशी, हे जेवायचं हाय का पोळ्या लाटायचं? बसणाऱ्याला तीस लागतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही असं ठासून सांगितलं, म्हटलं बाई मास्तरीण हाय!"

मीही हसले. कितीतरी दिवसांनी. मग त्याने विचारलं, माप घेतलं तरी कशावरून?

ओट्यावरून, म्हटलं. ओट्याशी उभी राहून.

त्याने पाय सोडवले. "चार इंच कापून आणतो, मावशी."

१४ फेब्रुवारी

डोक्यातून जात नाही. एकोणतीस वर्षं ह्यांना वाढायचं, तव्यावरची पोळी थेट ताटात. मग रूपालीला. मग ओट्याशीच उभ्या उभ्या माझं. बसून जेवणाऱ्याचं माप मला कधी लागलंच नाही!

थकले आज. काम काहीच केलं नाही, तरी.

१६ फेब्रुवारी

पाय बसले. टेबल जरासुद्धा डुगडुगत नाही. रूपालीला फोटो पाठवला.

१७ फेब्रुवारी

सकाळी रूपालीचा फोन. टेबल छान झालंय म्हणाली. मग — "बाबा मला म्हणाले होते, तुझी आई कधी माझ्यासमोर बसून जेवलीच नाही. टेबल झालं की बसेल. तुला हे कळू नये म्हणून मी देऊन टाक म्हणत होते गं."

आणि मी समजत होते, ह्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही म्हणून टेबल करतायत.

दुपारी वाढून घेतलं. बसले. समोरची खुर्ची आधी उचलून आत ठेवली. मग परत आणली.