पूजेसाठी फोटो

९ जानेवारी १९९३
माझी बायको शिवगामी जाऊन आज ऐंशी दिवस झाले. रोज लिहायचं ठरवलं आहे. मन शांत ठेवायचं. कुणाबद्दल वाईट लिहायचं नाही.
पेपरात कदिरवन. हिरोगिरी पुरली नाही, आता निर्माता होतोय. फोटोत पोट आत ओढलेलं स्पष्ट दिसतं.

१० जानेवारी
पोटाचं वाक्य खोडणार होतो. पण ते खरं आहे.
आम्ही दोघे एकाच वर्षी मदुराईहून मद्रासला आलो, हिरो व्हायला. तो झाला. मी टेलिफोन खात्यात चिकटलो आणि रजा काढून अकरा चित्रपट केले. सगळ्यात मोठी भूमिका म्हणजे हिरोच्या दिवंगत वडिलांचा भिंतीवरचा फोटो. हार घातलेला. नऊ वेळा दिसलो. हिरो कदिरवनच होता. नऊही वेळा मला हात जोडून मगच मारामारीला गेला.

१४ जानेवारी, पोंगल
वर्ष व्हायचं आहे, म्हणून आमच्याकडे सण नाही. कोपऱ्यावर कदिरवनचा चाळीस फुटी कटआउट. लोक शिडी लावून दूध ओतताहेत.
चार वर्षं तो आमच्याकडे जेवायचा. पहिला कुरकुरीत डोसा त्याला, दुसरा मला. एकदा मी शिवगामीला बोललो. ती म्हणाली, "त्याला आई नाही हो. तुम्ही काय, डोशासाठी भांडणार?" ही गोष्ट मी केव्हाच विसरलो आहे.

२१ जानेवारी
त्याचा मॅनेजर चेल्लप्पन आला. नवीन माणूस. बसलाच नाही. हळू आवाजात म्हणाला, "पाच तारखेला सरांच्या कंपनीची पूजा आहे. तुमच्या घरातला एक फोटो हवाय. समोर बघणारा, चेहरा शांत. सर म्हणाले, तुम्हाला कळेल."
कळलंच. हिरोच्या वडिलांची भूमिका. या वेळी जिवंत.
नकार द्यायचा. पक्कं.

२२ जानेवारी
केस रंगवले. स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "सर, डोळे जरा कमी उघडा, कोणी दरोडा घातलाय का?" सातव्या फोटोत चेहरा शांत आला. पाकीट चिकटवून चेल्लप्पनकडे दिलं. नकार नंतरही देता येतो.

३० जानेवारी
घरमालकीण मरगदम अम्माळ जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "केस काळे झाले, छान. बायकोचा फोटो मात्र अजून भिंतीवर नाही. वर्ष व्हायच्या आत पूजेलाही निघालात म्हणे?"
सांगितलं, ती पूजा नाही, काम आहे. आणि फोटो शोधतोय.
उद्या अल्बम काढायचा.

४ फेब्रुवारी
अल्बम राहिला. आरशासमोर आशीर्वाद देण्याचा सराव केला.

५ फेब्रुवारी, दुपार
समईशेजारी मोठी फ्रेम. चंदनाचा हार. आत मी.
दिग्दर्शकाने कापूर ओवाळला, डोळे मिटून नमस्कार केला, उघडले तर फ्रेमच्या मागे मी उभा. आरतीचं ताट पडलं. कुणीतरी कानाशी येऊन विचारलं, "जुळे भाऊ का? कशाने गेले?" मी चेहरा शांत ठेवला.
कदिरवन धावत आला. एकदा फ्रेमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "अण्णा, हे काय केलंत! मी अक्काचा फोटो मागितला होता." मग पाटीवरचा पडदा ओढला. शिवगामी फिल्म्स.
मनात पहिलं आलं ते हे की, हा नवऱ्याचा मान होता. तो रडत होता, चारचौघांत, ग्लिसरीनशिवाय. मला ऐंशी दिवसांत नव्हतं जमलं. आज तर एकशेसात झाले.

६ फेब्रुवारी
कदिरवन स्वतः आला. जमिनीवर बसला. म्हणाला, "एक द्या, अण्णा. माझ्याकडे अक्काचा एकही नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता?"
अल्बम काढले. लग्नातला, तिरुचेंदूरच्या देवळातला, नव्या घरातला. सगळ्यांत मी एकटा. ऑडिशनला एकट्याचा फोटो लागायचा, म्हणून दर वेळी तिच्या बाजूने कापायचो. कात्री तीच आणून द्यायची. "सरळ कापा हो. मागच्या वेळी माझं नाक राहिलं होतं."
कदिरवन पानं उलटत राहिला. बोलला असता तर उत्तर तयार होतं.
शेवटच्या पानावर एक निघाला. माझ्या उजव्या खांद्यावर तिचा हात. दोन काचेच्या बांगड्या, बोटाला वाळलेलं डोशाचं पीठ. तो कापला असता तर माझा खांदा गेला असता, म्हणून राहिला होता.
तो म्हणाला, "हाच. हात पुरे, अण्णा. याच हातचं खाल्लंय मी."
मीही खाल्लंय, म्हणणार होतो. उठून कात्री आणली. बांगड्यांच्या कडेने जपून कापलं.
हात तो घेऊन गेला. कंपनीच्या सिनेमात पडद्यावर सगळ्यांत आधी तोच दिसेल म्हणाला.
उरलेला मी टेबलावर आहे. खांद्याच्या जागी भोक.