मावशींची होडी

१२ जानेवारी २००६, नवघर
पुढच्या शनिवारच्या विद्यार्थी सभेचं भाषण लिहायला घेतलं. पहिली ओळ: ‘मराठी माध्यमातून आलेल्या मित्रमैत्रिणींनो, सेमिनारमध्ये आपलं इंग्रजी अडखळतं आणि आपला विचारच अडखळला असं समजून आपल्याला गप्प बसवतात.’ बरी आहे. पूर्वी असं वाक्य सुचलं की कानशिलं तापायची. आज काही नाही. चहा गार झाला.

१३ जाने., शुक्र.
सेमिनारमध्ये माझा पेपर: जागतिक व्यापार आणि किनाऱ्यावरच्या बायका. शेवट मी मुलाखत घेतलेल्या डोंगरीच्या कोळीण फिलोमिना मावशींवर. ‘परदेशी बाजाराने त्यांची होडी गिळली.’ सर म्हणाले, विभागाच्या पुस्तकात घेऊ, २३ तारखेला प्रत दे. शेजारी बसलेला संदेश कानात पुटपुटला, "तू बोलायला लागलीस की मलाच वाटतं, होडी मीच चोरली." हसले. आत काही हललं नाही.

१५ जाने., रवि.
बसने डोंगरी. मावशी जावेचे बोंबील वाळत घालत होत्या. पेपर मराठीत वाचून दाखवला. शाबासकी मिळेल म्हणून, खोटं कशाला बोला. होडीच्या वाक्यापाशी त्यांचा हात थांबला.
"बाय, कोनी न्हाय गिळली. मीच इकली. नवरा दर्यात गेला, पोराला न्हाय धाडायचा होता."
"पण मासळी कमी झाली म्हणालात ना?"
"झालीच हाय. पन त्याच्यासाठी न्हाय इकली. तू इचारलंसच न्हाय."
घरी येऊन वही पाहिली. खरंच. होडी का विकली, हा प्रश्नच नाही. प्रश्न मी घरून लिहून नेलेले. उत्तरंही, जवळपास.

१८ जाने., बुध.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एका बाईमुळे मुद्दा बदलत नाही. नाव बदल, वाक्य ठेव." मुद्दा खोटा नाहीच. पण ते वाक्य काढलं तर पेपरात उरतं काय?
आई: "पुस्तकात नाव येतंय आणि तोंड हे असं?"
जेवले. चव कळली नाही.

२० जाने., शुक्र.
दोन प्रती तयार. एकीत होडी गिळलेली, दुसरीत विकलेली. सोमवारी कुठली देईन, माहीत नाही.
उद्याच्या भाषणाची पहिली ओळ तीच ठेवली. पुढचं सगळं खोडलं. आपल्याला बोलू देत नाहीत ही तक्रार खरी आहे, आणि मी मावशींच्या बाबतीत तेच केलं, एवढं सांगायचं. मग शेवट:
‘कुठलाही पेपर देण्याआधी, ज्यांचं बोलणं तुम्ही लिहिलंय त्यांच्या घरी जा. त्यांच्या भाषेत त्यांना ते वाचून दाखवा.’