एकमताने मंजूर

तात्या, काल राहात्याच्या सभेत मला अध्यक्ष केलं, ते तुमच्यामुळे. आपला जिल्हा अवाढव्य आहे, तो तोडून उत्तरेचा वेगळा करा आणि मुख्यालय राहात्यालाच द्या, असा ठराव होता. सत्याग्रहीचा मुलगा म्हणून मला मोठा हार घातला.

तुमची सभा मला अजून दिसते. देश नुकता उभा राहत होता, भाषेप्रमाणे राज्यं पाडायचं चाललं होतं, आणि मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत घाटत होतं. गावच्या पारावर तुम्ही उभे आहात. "आमाला न इचारता ठरवनारी दिल्ली कोन?" असं ओरडून तुमचा आवाज बसलाय. पण हात वर करायला सांगण्याआधी तुमची एक रीत असायची. "इरोधात कोन हाय? त्यानं आदी बोलावं." आपला शिंपी उठतो. एवढा देश एकत्र ठेवायचा तर दिल्लीचं ऐकायला हवं, म्हणतो. लोक त्याला खाली ओढतात. तुम्ही त्यांनाच दटावता आणि शिंप्याला पुरतं बोलू देता. मग पुढं तुम्ही तुरुंगात गेलात, तेव्हा आईला धीर द्यायला पहिला तोच आला.

काल राजूरकडची एक बाई उठली. "सायेब, हितं यायचं म्हंजी आमचा दिस जातो. संगमनेर आमाला जवळ पडतं. मुख्यालय कुठं करायचं, आमाला कुनी इचारलं का?" प्रश्न सरळ होता. कुणी विचारलं नव्हतंच. म्हणून मी तुमचा तुरुंगवास काढला. माझे वडील महाराष्ट्रासाठी आत गेले आणि तुम्ही एसटीचं रडगाणं लावताय, असं माईकवर म्हणालो. मांडव हसला, टाळ्या पडल्या. बाई खाली बसली. तेवढ्यात मी "एकमताने मंजूर" म्हणून मोकळा झालो. हात कुणी वर केले, कुणी नाही, ते पाहिलंसुद्धा नाही. राजूरची माणसं चहा न घेताच निघून गेली.

लाज वाटते, तात्या. तुमचं नाव मी त्या बाईचं तोंड बंद करायला वापरलं. उद्या ठराव घेऊन मुंबईला जायचंय. एकमताने झाला नाही, हे तिथं सांगायला हवं. सांगेन की नाही, माहीत नाही. तुम्ही असता तर हे तुम्हाला तोंडावर सांगायची छाती झाली नसती, म्हणून तर लिहितोय. टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की वाटतं.