जवळचं पुस्तक

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असशील अशी आशा आहे.

हे वाक्य बाबांनी शिकवलं तसं लिहून टाकलं आणि आता त्याच्याकडे बघत बसले आहे. बाबांचा डावा हात अजून मांडीवर तसाच पडून असतो. मग ‘ठीक’ लिहिणं खोटं झालं का? हस. तू मला थोमी म्हणायचास ते उगीच नाही. प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणारा तो शिष्य, आणि प्रत्येक गोष्टीत बोट घालून बघणारी मी.

बाबा आत झोपलेत. समोर शाळेची चाळीस हजेरीपुस्तकं शिवायची पडली आहेत. खळीने बोटांना भेगा पडल्यात, सुई धरली की झोंबतं. बाबांचे दोनच शब्द आता स्पष्ट येतात, ‘दादा’ आणि ‘ठरलेलं’. चहा गार झाला तरी ठरलेलं, गिऱ्हाईक परत गेलं तरी ठरलेलं. बाकी सगळं मला डोळ्यांवरून ओळखावं लागतं. कंटाळा आला असं म्हणायला मन धजत नाही, म्हणून दमले म्हणते.

मंडळीची बातमी अशी. कुलूपवाल्या काकांनी पाळकपण सोडलं. तीन वर्षं त्यांचं प्रवचन तेच होतं: चार वाक्यं, खोकला, ‘आता आपण गाऊ’. गेल्या रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, बावीस तऱ्हांची कुलपं मी तारेने उघडलीत. तुमच्यातलं एक उघडलं नाही. हात दुखला. आता दुसरा बघा.” मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. काकाही हसले. मग चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

तेव्हा नवा पाळक निवडायला पुन्हा चिठ्ठी निघणार. काल मंडळीतल्या मोठ्या बाई दुकानात आल्या. आता त्यांना काठी लागते. म्हणाल्या, “पोरी, चार गीतपुस्तकं बांधून दे. गेल्या खेपेसारखी, अगदी एकसारखी.”

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर कापडाचं ठाण खाली काढलं आणि तसंच परत ठेवलं.

दादा, आता जे लिहिते आहे ते तुला बरंचसं माहीत आहे. तरी क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर मी मधूनच कुठेतरी स्वतःला सोडवून घेईन.

तीन वर्षांपूर्वी मंडळीने चार नावं दिली होती. सर्वांत थोरले काका, सर्वांत धाकटा तू. चार पुस्तकं मीच बांधली, एकाच ठाणातल्या काळ्या कापडात. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो देवाने निवडलेला. त्याने प्रार्थनाघरामागच्या खोलीत राहायचं आणि महिन्यातले वीस दिवस आसपासच्या मंडळ्यांतून फिरायचं. तू आठवडाभर उपास केला होतास. मला म्हणाला होतास, “थोमी, मला आतून माहीत आहे.” तुझा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

सगळे बाहेर गात होते. आतल्या खोलीत मोठ्या बाई, मी आणि खुर्चीत बाबा. बाबांना अर्धांग होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. बाईंनी पाठ फिरवून एका पुस्तकात चिठ्ठी घातली, चारही पुस्तकांना दोरे बांधले, खालीवर केली आणि माझ्या हातात दिली. “माझे हात कापतात गं, तूच मांड टेबलावर,” असं म्हणून त्या दार उघडायला गेल्या.

चिठ्ठी जाड कागदाची होती. जन्मभर पुस्तकं शिवणाऱ्या बोटांना जाड कागद कुठे आहे हे न बघता कळतं. मला शोधायचं नव्हतं, दादा. एवढं खरं आहे. पण कळलं. आणि कळल्यावर मी ते पुस्तक टेबलाच्या अलीकडच्या कडेला ठेवलं, बाकीची त्याच्यामागे ओळीने.

आपल्या मंडळीत हात लांब करून कुणी काही घेत नाही. बिस्किटांची बशी फिरली तरी जो तो जवळचं उचलतो, मोडकं असलं तरी. थोरला आधी उचलणार हे ठरलेलं होतं, आणि थोरला काय उचलेल हे मला ठाऊक होतं. तुझ्या वाट्याला पलीकडचं, शेवटचं पुस्तक येणार होतं.

तसंच झालं. तू दोरा सोडलास, पानं उलटलीस, पुन्हा उलटलीस. घरी येताना एवढंच म्हणालास, “त्याने मला नको म्हटलं.” पुढच्या महिन्यात तू गेलास. तुझ्या पहिल्या पत्रात होतं की, ज्याला निवडलंच नाही त्याने दार वाजवत का बसावं. दुसऱ्यापासून तू देवाचा उल्लेख केलेला नाहीस.

तुला नको म्हणणारा देव नव्हता. माझा हात होता.

का, ते साधं आहे, म्हणूनच लिहायची लाज वाटते. वीस दिवस तू नसशील आणि बाबांना उचलायला मी एकटी, या विचाराने मी घाबरले होते. आणि तू कायमचा गेलास, मी एकटी आहेच.

पळवाटा पुष्कळ काढल्या. लहानपणी याच टेबलावर बाबा आपल्याला प्रश्नोत्तरी घोकून घ्यायचे, तेव्हा मी विचारलं होतं, यहूदा प्रभूला दगा देणार हे आधीच लिहिलं होतं, तर त्याचा काय दोष? तू म्हणालास, “झालं, आता जेवण उशिरा.” बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “लिहिलेलं होतं खरं. पण चांदीच्या नाण्यांवर मिटलेली मूठ त्याचीच होती.” तीन वर्षं मी या उत्तराचा पहिला अर्धा भाग धरून बसले आहे. सगळं आधीच ठरलेलं असेल तर माझा हातही त्यातलाच. मग चूक कुठे? पण रात्री नीट झोपणाऱ्या माणसाला असं स्वतःला समजवावं लागत नाही.

आज सकाळी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते एका जुन्या कुलपात तेल सोडत होते. ऐकून म्हणाले, “म्हणजे तीन वर्षं मी दुसऱ्याच्या बाकावर बसलो होतो की काय?”

“काका, मला माफ करा.”

“थांब. त्या दिवशी माझा हात आधी दुसऱ्या पुस्तकावर गेला होता. तू पाहिलंस?”

पाहिलं होतं.

“मग मीच मागे घेतला. वाटलं, चारचौघांत हावरट दिसेन.” त्यांनी कुलपावरचं तेल फडक्याने पुसलं. “तेव्हा तू मांडलंस, मी उचललं, आणि त्याने होऊ दिलं. कुणाचा वाटा किती, ते माझ्यासारख्या अर्ध्या पाळकाला विचारू नकोस. पण पोराला लिही. आजच. माझी माफी नंतर माग, मला घाई नाही.”

तुझ्यापर्यंत हे पत्र पोचेल तोवर रविवार झालेला असेल. त्या दिवशी मी मंडळीसमोर उभी राहून हे सांगणार आहे. पुस्तकं मी बांधणार नाही. मी हात घातला नसता तर चिठ्ठी तुझ्याच हाती आली असती असंही मी म्हणत नाही. कदाचित नसतीच आली. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि तेवढंच मी तुझ्याकडून कायमचं काढून घेतलं.

एक राहिलं. घरी आल्यावर बाबांनाही सांगितलं. त्यांच्या पायाशी बसून, क्रमाने. मला वाटलं होतं, म्हणतील ‘ठरलेलं’. ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी मी पुस्तकं मांडत होते तेव्हा बाबांनी डोळे मिटले होते. प्रार्थना करत असतील असं मी आजवर धरून चालले. आज त्यांनी चांगला हात उचलला, माझ्या हातांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. आणि रडले. दादा, त्यांनी पाहिलं होतं, आणि मग डोळे मिटले होते. त्यांनाही तू घरात हवा होतास.

नंतर ते ‘दादा’ म्हणाले. दोनदा.

पत्राच्या शेवटी काय लिहायचं ते बाबांनीच शिकवलंय: देवाची इच्छा असेल तर भेटू. आज ते लिहायचा मला हक्क नाही. माझ्या इच्छेवर मी एकदा त्याचं नाव लावलं आहे, पुन्हा लावणार नाही.

तू यावंस अशी माझी इच्छा आहे. ती माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आणि ‘नाही’ म्हणणं सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

तुझी,
थोमी